नुसत्या डोमेनवर साइट उघडत नाही: @ ला सीनेम का चालत नाही आणि त्याऐवजी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॉट कॉम डोमेन एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) घेतलंय, साइट गिटहब पेजेसवर (गिटहबच्या साइट चालवायच्या सेवेवर) आहे आणि त्याच डोमेनची ईमेल गूगल वर्कस्पेसवर चालते. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की साइट उघडते, पण नुसतं डोमेन टाकलं की रजिस्ट्रारचं पार्किंगचं पान येतं. डीएनएसच्या (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) पॅनलमध्ये @ या नावाला, म्हणजे नुसत्या मूळ डोमेनला, सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाचं टोपणनाव आहे असं सांगणारा रेकॉर्ड) टाकायला गेलं तर ‘या नावाला आधीच इतर रेकॉर्ड आहेत’ म्हणून नकार मिळतो. त्यावर कुणीतरी सल्ला दिलाय की एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारे) काढून टाका, मग सीनेम घेईल.

एमएक्सला हात लावू नका. बाकी सगळं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी ऐका. एमएक्स नसेल तर मेल पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे त्याच नावाच्या ए रेकॉर्डमधल्या आयपी पत्त्यावर मेल पोचवायला बघतो. तिथे तुमचा मेल सर्व्हर नाहीच. मग ती मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत पडून राहते, पुन्हापुन्हा प्रयत्न होतात, आणि साधारण चार-पाच दिवसांनी ‘पोचली नाही’ म्हणून परत जाते. या काळात तुमच्या बाजूला काहीच कळत नाही, फक्त मेल कमी यायला लागल्यात असं वाटतं. एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन येईपर्यंत पत्ता लागत नाही.

आणि एमएक्स काढूनही काम व्हायचं नाही. सीनेमचा नियम १९८७च्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातच लिहिलेला आहे: ज्या नावाला सीनेम आहे, त्या नावाला दुसरा कुठलाही डेटा नसावा. (डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरं आहे का ते तपासायच्या, सह्या वगैरे नंतर आलेले थोडे अपवाद सोडून द्या.) मूळ डोमेनला एसओए (झोनची मूलभूत माहिती) आणि एनएस (डोमेनबद्दल उत्तरं देणारे नेमसर्व्हर कुठले ते) हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात, त्यांच्याशिवाय झोन, म्हणजे डोमेनच्या रेकॉर्डचा संच, उभाच राहत नाही. म्हणजे एमएक्स काढला, टीएक्सटी (मजकुराचे रेकॉर्ड) काढले, सगळं साफ केलं, तरी हे दोन उरतातच. तुमच्या पॅनलने दिलेला नकार बरोबर आहे. चांगलं पॅनल आहे असं समजा, कारण काही पॅनल तसा सीनेम गुपचूप घेतात, आणि मग त्रास जास्त होतो.

तो कसा होतो ते सांगतो, कारण त्यावरून नियमामागचं कारण कळतं. सीनेमचा अर्थ ‘वेबसाइट तिकडे आहे’ एवढाच नाही. त्याचा अर्थ ‘हे नाव म्हणजे खरं तर ते नाव, या नावाबद्दल जे काही विचारायचं ते तिकडे विचारा’. आता समजा गूगलच्या किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिसॉल्व्हरला (लोकांच्या वतीने डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरला) आधी कुणीतरी तुमच्या साइटचा पत्ता विचारला. त्याने सीनेम मिळवला आणि लक्षात ठेवला. पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणाला तुम्हाला मेल पाठवायची आहे, म्हणून त्याच रिसॉल्व्हरकडे एमएक्स विचारला गेला. रिसॉल्व्हर म्हणतो, हे नाव तर गिटहबच्या नावाचं टोपणनाव आहे, आणि एमएक्स तिकडे शोधायला जातो. तिकडे तुमचा एमएक्स कुठून असणार? पण एमएक्स आधी विचारला गेला असेल, तर तीच मेल व्यवस्थित पोचते. म्हणजे काही मेल येतात, काही येत नाहीत, आणि कुठली येईल हे कुणी आधी काय विचारलं त्यावर ठरतं. अशी केस हातात आली की लोक मेल कंपनीला दोष देत बसतात आणि मूळ कारण डीएनएसच्या पानावर एका ओळीत पडून असतं.

मूळ डोमेन फक्त वेबसाइटचं नसतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. मेलचा एमएक्स, एसपीएफचा (तुमच्या नावाने मेल कुणी पाठवावी हे सांगणारा) टीएक्सटी, निरनिराळ्या सेवांनी मालकी तपासायला दिलेले टीएक्सटी, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र कुणी द्यावं हे सांगणारा सीएए, सगळं त्याच एका नावावर टांगलेलं असतं. साइट वळवताना त्यातले फक्त ए आणि एएएए हे पत्त्यांचे दोन प्रकार आपले, बाकी सगळे दुसऱ्या कुणाचे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिली पायरी: रेकॉर्ड नक्की कुठे बदलायचे ते शोधा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण निम्मे लोक इथेच अडकतात. डोमेन जिथून विकत घेतलं तिथेच डीएनएस असेल असं काही नाही. कधीकाळी कुणी क्लाउडफ्लेअर (डीएनएस चालवून देणारी एक कंपनी) लावलेलं असतं, किंवा जुन्या होस्टिंगवाल्याचे नेमसर्व्हर टाकलेले असतात. रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डीएनएसचं पान तरीही दिसत राहतं, तिथे बदल करता येतात, ‘जतन झालं’ असा हिरवा संदेशही येतो, आणि जगात काहीही बदलत नाही. म्हणून आधी टर्मिनलमध्ये डिग कमांडने, विंडोजवर असाल तर एनएसलुकअपने, डोमेनचे एनएस विचारा. जी नावं येतील त्यांच्या मालकाच्या पॅनलमध्ये जायचं. तुमच्या बाबतीत पार्किंगचं पान रजिस्ट्रारचंच दिसतंय, त्यामुळे बहुधा नेमसर्व्हरही त्याचेच असतील, पण खात्री करूनच पुढे जा.

काहीही बदलण्याआधी तिथल्या सगळ्या रेकॉर्डची नक्कल काढून ठेवा. निर्यातीची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर स्क्रीनशॉट घ्या. आणि बदल करण्याच्या आदल्या दिवशी मूळ डोमेनच्या ए रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं.

गिटहबच्या बाजूचं काम डीएनएसच्या आधी करा. रिपॉझिटरीच्या (साइटच्या फायली ठेवलेल्या जागेच्या) सेटिंग्जमध्ये, पेजेस या भागात, कस्टम डोमेनच्या चौकटीत तुमचं डोमेन टाका. त्याहीआधी खात्याच्या सेटिंग्जमध्ये डोमेनची पडताळणी करून घेतलीत तर उत्तम. त्यासाठी एक टीएक्सटी रेकॉर्ड लावावा लागतो. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. गिटहबच्या खाली दिलेल्या चार पत्त्यांवरच असंख्य लोकांच्या साइट चालतात. ब्राउझरने विनंतीत कुठलं डोमेन लिहिलंय ते बघून गिटहब ठरवतं की कुणाची साइट दाखवायची. तुमचं डोमेन तिकडे वळलेलं आहे पण कुणाच्याच रिपॉझिटरीत नोंदलेलं नाही, अशी फट राहिली तर दुसरा कुणीही ते स्वतःच्या रिपॉझिटरीत नोंदवून तुमच्या नावावर स्वतःचं पान चालवू शकतो. याच कारणाने * या नावाचा, म्हणजे सगळ्या उपडोमेनांना लागू होणारा रेकॉर्ड गिटहबकडे वळवू नका. तसाही तो मूळ डोमेनला लागू होत नाही.

मग डीएनएसमध्ये हे असायला हवं (पॅनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाकायचं):

@ — ए — १८५.१९९.१०८.१५३
@ — ए — १८५.१९९.१०९.१५३
@ — ए — १८५.१९९.११०.१५३
@ — ए — १८५.१९९.१११.१५३
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू — सीनेम — तुमचं-गिटहब-नाव डॉट गिटहब डॉट आयओ

सीनेमच्या समोर फक्त खात्याचं नाव असलेला पत्ता येतो. रिपॉझिटरीचं नाव, तिरकी रेघ, एचटीटीपीएस, यातलं काही नाही. डीएनएसला पानं आणि फोल्डर कळत नाहीत, त्याला फक्त नावं कळतात. तुमचा सीनेम आज चालतोय, तेव्हा तो बरोबर असणार, त्याला तसाच राहू द्या. @ म्हणजे झोनचं स्वतःचं नाव. काही पॅनलमध्ये @ ऐवजी नावाची चौकट रिकामी ठेवावी लागते, काहींत पूर्ण डोमेन टाकावं लागतं. आणि जिथे पूर्ण नाव टाकायचं असतं तिथे शेवटच्या टिंबाकडे लक्ष द्या. काही पॅनल टिंब नसलेल्या नावापुढे आपोआप डोमेन जोडतात, आणि मग डोमेन दोनदा लागलेलं विचित्र नाव तयार होतं. जतन केल्यावर यादीत ते कसं दिसतंय ते एकदा वाचून बघा.

नवे टाकणं हा अर्धा भाग. जुने काढणं हा दुसरा, आणि तो जास्त वेळा राहून जातो. पार्किंगचा जुना ए रेकॉर्ड काढा. तो राहिला तर @ ला पाच पत्ते होतात आणि ब्राउझर त्यातला कुठलाही घेतो. साइट कधी उघडते, कधी पार्किंग दिसतं, आणि तुमच्या मशीनवर नेमकी नीट चालत असते. त्याहून चकवणारा असतो जुना एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ नसेल तर तिथे सगळं छान दिसतं, आणि जिओच्या मोबाइल डेटावर, जिथे आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे, जुनं पान उघडतं. ‘फोनवर दिसत नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी एएएए विचारून बघतो. गिटहबचे स्वतःचे चार एएएए पत्तेही आहेत, त्यांच्या मदत-पानावरून घेऊन लावू शकता, पण रजिस्ट्रारचा जुना एएएए मात्र राहू देऊ नका. आणि डोमेन फॉरवर्डिंग नावाची सोय चालू असेल तर ती बंद करा. अनेक पॅनलमध्ये ती चालू असताना तुमचे ए रेकॉर्ड बाजूला ठेवून त्यांचे स्वतःचे पुढे केले जातात.

फॉरवर्डिंगबद्दल आणखी थोडं, कारण हा मार्गही लोक सुचवतात: ए रेकॉर्डच्या भानगडीत पडू नका, रजिस्ट्रारकडून नुसतं डोमेन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वर फॉरवर्ड करा. मला हा मार्ग पटत नाही. फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरकडे तुमच्या डोमेनचं प्रमाणपत्र असेलच असं नाही. नसेल तर एचटीटीपीएसने आलेल्या माणसाला फॉरवर्ड होण्याआधीच ब्राउझरचा लाल इशारा दिसतो, आणि आजचे ब्राउझर बहुतेक वेळा आधी एचटीटीपीएसच वापरून बघतात. रजिस्ट्रार प्रमाणपत्रासह फॉरवर्ड करत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं आहे का ते आधी तपासा.

बदल केल्यावर थेट ब्राउझर उघडू नका. ब्राउझर स्वतः लक्षात ठेवतो, मशीन लक्षात ठेवतं, रिसॉल्व्हर लक्षात ठेवतो, त्यामुळे तुम्हाला नक्की काय दिसतंय ते कळत नाही. डिगमध्ये @ लावून तुमच्याच नेमसर्व्हरचं नाव द्या आणि त्याला थेट ए विचारा. तिथे बरोबर चार पत्ते आले, पाचवा नाही, की तुमचं काम बरोबर झालं. मग तोच प्रश्न ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक रिसॉल्व्हरला, विचारा. उत्तराच्या ओळीत नावानंतर येणारा आकडा म्हणजे हे उत्तर अजून किती सेकंद जपलं जाणार. जुना पत्ता दिसत असेल आणि आकडा २१४० असेल, तर अजून पस्तीसेक मिनिटं थांबायचं, एवढंच. पुन्हा विचारलं की आकडा कमी झालेला दिसेल. ८.८.८.८ वर तो कधी मागेपुढे उडतो, कारण त्या एका पत्त्यामागे अनेक सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाची आठवण वेगळी असते. घाबरू नका. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांनीही आपापल्या सार्वजनिक रिसॉल्व्हरची एका नावापुरती आठवण पुसायची पानं दिलेली आहेत, घाई असेल तर ती वापरा.

‘डीएनएस जगभर पसरायला ४८ तास लागतात’ हे वाक्य तुम्हाला रजिस्ट्रारच्या मदतकेंद्राने ऐकवलं असेल. तुमच्या कामाला ते लागू नाही. डीएनएसमध्ये काही पसरत नाही. जुनी उत्तरं ज्याच्या त्याच्याकडे मुदत संपेपर्यंत राहतात आणि मग नवी मागवली जातात. ए रेकॉर्डची मुदत म्हणजे तुम्ही ठेवलेला टीटीएल, बहुतेक ठिकाणी एक तास ते चार तास. ४८ तास येतात ते नेमसर्व्हर बदलताना, कारण डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर प्रत्येक डोमेनच्या एनएस रेकॉर्डचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. तुम्ही नेमसर्व्हर बदलत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ‘असा रेकॉर्ड नाही’ हे उत्तरही जपलं जातं, आणि त्याची मुदत एसओए मधून ठरते. म्हणून रेकॉर्ड टाकण्याआधीच दर मिनिटाला सार्वजनिक रिसॉल्व्हरला विचारत बसू नका, स्वतःच नकार साठवून ठेवाल.

यानंतर ब्राउझरमध्ये जे दिसेल त्यावरून अडचण कुठे आहे ते ओळखता येतं. अजून पार्किंगचं पान दिसतंय: जुनं उत्तर कुठेतरी जपलेलं आहे किंवा जुना रेकॉर्ड काढायचा राहिलाय, अडचण डीएनएसमध्ये. गिटहबचं ४०४ पान दिसतंय: ही चांगली बातमी आहे, डीएनएस बरोबर झालं, रिपॉझिटरीतलं कस्टम डोमेन तपासा. प्रमाणपत्राचा इशारा येतोय: बाकी सगळं जागेवर आहे, गिटहबने तुमच्या डोमेनचं प्रमाणपत्र अजून घेतलेलं नाही. त्याला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याहून जास्त अडकलं तर कस्टम डोमेन काढून पुन्हा टाका, प्रक्रिया नव्याने सुरू होते. हे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून येतं. तुमच्या डोमेनला आधीच एखादा सीएए रेकॉर्ड असेल आणि त्यात लेट्स एन्क्रिप्टचं नाव नसेल तर प्रमाणपत्र कधीच मिळणार नाही. सीएए नसेल तर मुद्दाम लावायची गरज नाही. आणि तपासणी करताना लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ ला प्राधान्य देतं, म्हणजे तो विसरलेला जुना एएएए इथेही आडवा येतो.

मुख्य पत्ता कुठला ठेवावा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वाला की नुसता? दोन्हीचे रेकॉर्ड बरोबर असतील तर गिटहब एकावरून दुसऱ्यावर आपोआप नेतं, तेव्हा दिसण्याचा प्रश्न नाही. माझं मत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू च्या बाजूने आहे. १ मे २०१८ ला गिटहबने लोकांच्या स्वतःच्या डोमेनवर एचटीटीपीएस सुरू केलं तेव्हा ज्यांनी सीनेम वापरला होता त्यांना डीएनएसमध्ये काहीच करावं लागलं नाही. ज्यांनी जुन्या आयपी पत्त्यांचे ए रेकॉर्ड लावले होते त्यांना ते हाताने बदलून आजचे हे चार पत्ते टाकावे लागले. आकडा टाकला की तो बदलण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, नाव टाकलं की ती होस्टवर राहते. मूळ डोमेनला आकड्याशिवाय इलाज नाही, म्हणून निदान मुख्य वाहतूक तरी नावावर ठेवावी. व्हिजिटिंग कार्डावर नुसतं डोमेन छापलं तरी हरकत नाही, ते पोचतंच.

हे सगळं स्थिर आयपी देणाऱ्या होस्टला लागू. हेरोकू किंवा ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंटसारख्या सेवा साधारणपणे ठरावीक आयपी देत नाहीत, फक्त नाव देतात. तिथे तुमचा डीएनएसवाला मदत करणारा असावा लागतो. डीएनसिंपलचा एलिअस, क्लाउडफ्लेअरचं सीनेम फ्लॅटनिंग, ॲमेझॉनच्या रूट ५३ चा एलिअस, नावं वेगवेगळी, पण युक्ती एकच: त्यांचा सर्व्हर ते नाव स्वतः शोधतो आणि विचारणाऱ्याला साधं ए रेकॉर्डचं उत्तर देतो. बाहेरच्या जगाला सीनेम दिसतच नाही, म्हणून एमएक्स सुखरूप राहतो. रूट ५३ चा एलिअस फक्त ॲमेझॉनच्या सेवांकडे किंवा त्याच झोनमधल्या रेकॉर्डकडे वळवता येतो, हे आधी माहीत असलेलं बरं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रमाण झालेल्या एचटीटीपीएस नावाच्या रेकॉर्डमध्येही मूळ डोमेनसाठी अशी सोय आहे, पण सगळे ब्राउझर ती पाळत नाहीत, तेव्हा आज तिच्यावर विसंबू नका.

या सोयीसाठी नेमसर्व्हर बदलायची वेळ आली तर ते काम वेगळ्या दिवशी आणि निवांतपणे करा. नवीन जागी सगळे रेकॉर्ड आधी भरा, मग नेमसर्व्हर बदला. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणतात, पण बाहेरून झोनची पूर्ण यादी मागता येत नाही, त्या नेहमीची नावं विचारून बघतात. मेलवर सही करणारा डीकेआयएम रेकॉर्ड एका लांबलचक उपनावावर असतो, तो अशा शोधात सुटू शकतो. तुम्ही आधी काढलेली नक्कल इथे उपयोगी पडते. आणि डोमेनला डीएनएससेक लावलेलं असेल तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (सह्यांची चावी ओळखायची खूण) आधी काढा, त्याचा टीटीएल संपू द्या, मगच नेमसर्व्हर हलवा. डीएस तसाच ठेवून हलवलंत तर सह्या तपासणाऱ्या रिसॉल्व्हरांसाठी, ज्यात गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ दोन्ही आले, तुमचं डोमेन साइट आणि मेलसकट नाहीसं होतं.

ज्यांचं डोमेन देवनागरीत आहे, म्हणजे डॉट भारतमधलं, त्यांच्यासाठीही रेकॉर्ड हेच. फरक एवढाच की गिटहबच्या चौकटीत देवनागरी नाव न टाकता त्याचं पनीकोड रूप टाकायचं, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये ते सहसा डोमेनच्या तपशिलात दिलेलं असतं.

काम झाल्यावर एमएक्स आणि टीएक्सटी पुन्हा एकदा डिगने विचारून आधीच्या नकलेशी ताडून बघा, आणि बाहेरच्या एखाद्या खात्यावरून स्वतःला एक मेल पाठवा. ती आली आणि दोन्ही पत्त्यांवर कुलूप दिसलं की गिटहबमध्ये ‘एचटीटीपीएस सक्तीचं’ ही खूण चालू करा आणि ए रेकॉर्डचा टीटीएल पुन्हा ३६०० करून ठेवा.